आभारबाई

परवा आमच्या सावेडीच्या सोसायटीत योगवर्गाच्या बाईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाल्या, "काल दिवसभरात तुमच्यासाठी ज्यांनी ज्यांनी काही केलं, त्यांचे मनातल्या मनात आभार माना. ही सवय रोज लावून घ्या. बघा कसं हलकं वाटतं ते." मी डोळे उघडले, सतरंजीची गुंडाळी केली आणि घरी निघून आले. सुनेनं विचारलं, "आई, इतक्या लवकर? पाय दुखतोय का?"

म्हटलं, "पायाला काही झालं नाही. यमुनाबाई आठवल्या."

यमुनाबाई म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई. अकरावी झाल्यावर मी कर्जतहून नगरला अध्यापिका विद्यालयात आले आणि दोन वर्षं त्या बाईंच्या हाताखाली काढली. बहात्तरचा दुष्काळ त्यातच पडला. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारी एकही मैत्रीण मला आजवर भेटलेली नाही आणि मीही बोलणार नाही. त्यांच्या धाकाचा एवढाच अंश अजून शिल्लक आहे की तोंडातून 'त्या' येतं, 'ती' येत नाही.

बाई उंच आणि हडकुळ्या. पुसट काठाचं पांढरं पातळ, कपाळ मोकळं, कानांच्या पाळ्यांना नुसती भोकं. पायात मात्र पुरुषी कातडी वहाणा. त्यांची करकर व्हरांड्याच्या त्या टोकाला ऐकू आली की या टोकाच्या खोलीतल्या मुली गप्प व्हायच्या. हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. बसून जेवतानाही पाहिलं नाही. सगळ्यांची जेवणं झाली की त्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभ्या उभ्या भाकरी खायच्या. मधे कुणी आत गेलं, तर ताटली पदराआड घ्यायच्या, जणू चोरीचंच खात आहेत.

आणि त्यांचा तो नियम. संध्याकाळी आम्ही पंगतीला बसायचो. पानं वाढून व्हायची, पण घासाला हात लावायचा नाही. एका टोकापासून प्रत्येकीनं सांगायचं, "आज मी अमक्याची आभारी आहे," आणि का ते सांगायचं. शेवटच्या मुलीचं सांगून झालं की मग जेवण. तोवर आमटीवर साय धरायची.

पहिल्या दिवशी मला वाटलं, सोपं आहे. म्हटलं, "मी माझ्या आईवडिलांची आभारी आहे. त्यांनी मला शिकायला पाठवलं."

"आईवडील आज इथे आले होते?"

"नाही."

"मग त्यांचे घरी गेल्यावर मान. आज, इथे, तुला कोणी काय दिलं ते सांग."

नवी जागा, कुणाचं नावही माहीत नव्हतं. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती आणि त्या नजरांमध्ये भूक होती. शेवटी आठवलं, सकाळी एका मुलीनं मला आडावर तिचा दोर दिला होता. तेवढं सांगितलं. "बरं," म्हणून बाई पुढच्या मुलीकडे वळल्या.

कालचं आज चालत नसे. "शिळे आभार नकोत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी कुठल्या दिवशी काय म्हटलं होतं ते त्यांना पाठ असायचं. "सोमवारी तू वाऱ्याचे मानले होतेस. तोच वारा परत आला का?" त्यामुळे आमच्यात आभारांचा बाजार सुरू झाला. "तू माझी वेणी घाल, संध्याकाळी मी तुझे मानते." "पोस्टमन माझा हं, आज कुणी घ्यायचा नाही." हसायला यायचं, पण पंगतीत हसायची सोय नव्हती.

त्या स्वतःही दिवसभर आभार मानायच्या. ते कसे, तर दार आपटल्यासारखे. दूधवाल्याला म्हणायच्या, "पाण्यात थोडं दूध घातलंस, आभारी आहे." रॉकेल उशिरा आणणाऱ्याला, "आलास हेच खूप, आभारी आहे." तो बिचारा मान खाली घालून सायकल ढकलत निघून जायचा. शिवी परवडली असती.

एक गोष्ट मी अजून विसरलेले नाही. आमच्यातल्या एका मुलीची आजी गेली. तिनंच तिला लहानाचं मोठं केलं होतं. दुपारी तार आली, गावाकडची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी आम्ही तिला पंगतीत धरून बसवलं. तिचा नंबर आल्यावर मीच म्हणाले, "बाई, तिची आजी..."

"मला ठाऊक आहे. तार घेऊन आलेला माणूस उन्हातून आला होता. त्याचे मान."

ती मुलगी रडत रडत म्हणाली, "तारवाल्याची आभारी आहे." बाईंनी पुढच्या मुलीकडे मान वळवली. त्या दिवशी पंगतीतल्या कितीतरी जणींना जेवण गेलं नाही. कुणी म्हणेल, त्यांचा हेतू वाईट नव्हता. असेल. मला त्याच्याशी कर्तव्य नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या खोलीत कौसल्या आली. पाथर्डीकडची. तिच्याकडचा बराच मुलूख दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा, तिचे आईवडीलही जायचे. ती मुलगी आजीपाशी राहून, शेळ्या सांभाळून अकरावी झाली होती. बुटकी, काळीसावळी, बोलायला लागली की मान एका बाजूला कलायची. सुरुवातीला तिनंही सगळ्यांसारखे आभार मानले. मग दुष्काळानं कहर केला. ऊसच नाही, तर तोड कुठली? तिचे आईवडील गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले. आम्हाला वसतिगृहात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, लाल भाकऱ्या मिळू लागल्या. थंड झाल्या की चामड्यासारख्या व्हायच्या. पाण्याच्या टँकरसाठी सकाळपासून बादल्यांची रांग.

कौसल्या एकदा घरी जाऊन आली. त्या संध्याकाळी तिचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "आज कुणाचीच न्हाई."

बाईंच्या वहाणा थांबल्या. "कुणाचीच नाही असं नसतं. आठव."

"आठवलं बाई. कुणाची न्हाई. माझ्या आईचा हात बगून आलेय. हातुडा धरून तळव्याची पार सालटी निगालीत. तिला कुनी काय दिलं? अन मी हितं बसून आबार मानू?"

"आईचं विचारलं नाही. तुझं विचारलं."

"माझं अन तिचं येगळं न्हाई."

"आम्ही थांबतो," बाई म्हणाल्या.

आम्ही थांबलो. भाकऱ्या वाळल्या. एक-दोघी कौसल्याला कुजबुजून म्हणाल्या, "बोल ना गं काहीतरी, कशाला सगळ्यांना उपाशी ठेवतेस?" ती समोरच्या पानाकडे बघत राहिली आणि मग उठून गेली. बाईंनी बाकीच्यांना जेवायला सांगितलं आणि तिचं वाढलेलं पान स्वतःच्या हातानं उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिच्या पेटीत शेंगदाण्याची चटणी होती, माझ्याकडे घरच्या दशम्या होत्या, त्यावर तिचं भागलं. मग आमच्या स्वयंपाकीणबाई भागूबाई सरपणाच्या खोलीमागे तिला पदराखालून भाकरी देऊ लागल्या. पंगतीत तिचा नंबर आला की ती म्हणायची, "कुणाची न्हाई," बाई म्हणायच्या, "ऊठ," आणि ती उठायची. दोघींपैकी एकही आवाज चढवायची नाही.

याच सुमारास संस्थेचा वर्धापनदिन आला. संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी दुष्काळात वसतिगृह चालू ठेवलं होतं, धान्य त्यांच्यामुळेच येत होतं, हे खरं. त्यांच्या मनात आलं की कार्यक्रमात दुष्काळी भागातल्या एका मुलीनं उठून संस्थेचे आभार मानावेत. वर्तमानपत्राचा माणूसही येणार होता. खडी फोडणाऱ्यांची मुलगी वसतिगृहात आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं. निरोप आला की तीच बोलेल, बाईंनी तिची तयारी करून घ्यावी.

बाईंनी कौसल्याला आपल्या खोलीत बोलावलं. तिच्या सोबतीला मी गेले. खोलीत एक खाट, एक ट्रंक आणि खिडकीत तुळशीचं वाळलेलं रोप. बसा म्हणाल्या नाहीत.

"चार वाक्यं आहेत. पाठ करायची आणि म्हणायची."

"मला जमायचं न्हाई बाई."

"का?"

"तसं वाटत न्हाई मला."

तेव्हा बाई जे बोलल्या, ते मला अजून शब्दन् शब्द ऐकू येतं. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

"वाटत नाही? मला वाटतं असं वाटलं तुला? मी सतराव्या वर्षी विधवा झाले. नेवाशाकडे दिराच्या घरी राहिले. जाऊ दोन्ही वेळा कोपऱ्यात ताट सरकवायची. मी दोन्ही वेळा म्हणायचे, 'तुमचे उपकार आहेत.' एकदा म्हटलं नाही. फक्त एकदा. उन्हाळ्याच्या दुपारी मला ओसरीबाहेर काढून आतून कडी घातली होती. त्यानंतर मी कधी चुकले नाही. दात घासावेत तसे आभार मानावेत. रोज, न चुकता. मनात काय आहे ते कोण बघायला येतंय?"

"मंजी खोटं बोलायचं," कौसल्या म्हणाली.

"खोटं नाही. भाडं. आपल्यासारख्या बायकांना कुणाच्या तरी छपराखाली राहावं लागतं. त्याचं भाडं तोंडानं द्यायचं. तुम्हा सगळ्यांना मी रोज तेच शिकवते. उद्या सासर आहे, हेडमास्तर आहे, पंचायतीचे लोक आहेत. जिभेला सवय असलेली बरी."

मी दाराशी उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण खरं सांगायचं तर, त्या बाजारातून, त्या थट्टेतून आम्हा काही जणींना एक वेगळीच सवय लागली होती. दुपारपासूनच मी बघायला लागायचे, आज कोण माझ्याशी बरं वागलं? सराव पाठाच्या वर्गात एखादं पोर माझ्यासाठी खडू शोधून आणायचं आणि मला वाटायचं, संध्याकाळी याचं नाव घ्यायचं. ते वाटणं खरं होतं. आणि ज्या बाईंनी ते आमच्यात पेरलं, त्यांच्या लेखी ते भाडं होतं! त्या दिवशी त्यांच्याबद्दलची भीती संपली आणि निव्वळ चीड उरली.

कौसल्या म्हणाली, "बरं. बोलते मी."

वर्धापनदिनाला हॉल भरला होता. बापूसाहेब मधल्या खुर्चीत, शेजारी त्यांच्या पत्नी, वहिनीसाहेब. बाई भिंतीपाशी उभ्या. कौसल्याचं नाव पुकारलं. ती व्यासपीठावर गेली, मान एका बाजूला कलली.

"मी आमच्या भागूबाईंची आभारी हाय. गेले काही दिवस त्या मला लपवून भाकरी देत्यात. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची आभारी हाय, तिनं तिच्या दशम्या मला दिल्या. टँकरवाल्या चाचांची आभारी हाय. काल माझी बादली सांडली तवा त्यांनी परत भरून दिली. माझ्या आईची आभारी हाय, ती खडी फोडती म्हणून मी हितं हाय. एवढंच."

आणि ती खाली उतरली.

हॉलमध्ये दोन-चार मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच हात आवरले. वर्तमानपत्रवाला पेन्सिल हातात धरून बापूसाहेबांच्या तोंडाकडे बघत होता. त्यांचा चेहरा लाल झाला होता. कार्यक्रम कसाबसा संपला. सगळे बाहेर पडत असताना त्यांनी बाईंना हॉलच्या दारातच गाठलं. आम्ही मुली खुर्च्या उचलत होतो.

"बाई, त्या मुलीला हे कुणी शिकवलं?"

बाईंच्या जागी दुसरं कुणीही असतं, तरी म्हणालं असतं, चूक झाली साहेब, पोर अडाणी आहे. बाई तर त्यातल्या मुरलेल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "मीच शिकवलं. आज, इथे, तुला कोणी काय दिलं, असं रोज विचारते. तिनं बरोबर उत्तर दिलं."

"आणि संस्थेनं काही दिलं नाही?"

"ते तिला आठवलं नसेल."

मी बाईंकडे बघत होते. बोलून झाल्यावर त्यांच्याच चेहऱ्यावर असं काही आलं की जणू पाय घसरला आणि धरायला काही सापडलं नाही. बापूसाहेब म्हणाले, "मुलीला उद्या घरी पाठवा. तुमचंही बघतो."

त्या संध्याकाळी पंगत झालीच नाही. बाई आमच्या खोलीच्या दारात आल्या आणि कौसल्याला म्हणाल्या, "चार वाक्यं होती. तुझ्या तोंडात मावली नाहीत? तू माझी भाकरी घालवलीस." कौसल्या म्हणाली, "मी न्हाई बाई. तुमीच बोललात." बाई वळून निघून गेल्या. त्या दिवशी वहाणांची करकर ऐकू आली नाही. अनवाणीच आल्या असाव्यात.

सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं. बापूसाहेबांनी सावेडीला नवा बंगला बांधला होता. तेव्हा सावेडी म्हणजे दोन-चार बंगले आणि बाकी मोकळं रान. आम्ही चालत गेलो. फाटकातल्या गड्यानं आम्हाला मागच्या दाराकडे पाठवलं. तिथे पायऱ्यांवर ऊन चढेपर्यंत आम्ही उभ्या. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. शेवटी वहिनीसाहेब आल्या.

"साहेब म्हणतात, मुलगी राहू दे परीक्षा होईपर्यंत. आता काढली तर पेपरवाला काहीबाही लिहील. तुम्ही मात्र महिनाअखेर दुसरी जागा बघा."

बाईंनी हात जोडले. "आभारी आहे," म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात की मी वळून पाहिलं. तो आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. दिराच्या ओसरीवरचा असावा. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला शिसारी आली, त्या आवाजाची आणि तो बाईंकडून काढून घेणाऱ्या दाराचीही.

परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "त्या पोरीला सांग, मी तिला माफ केलेलं नाही."

बंगल्यावर घडलं ते सगळं मी कौसल्याला सांगितलं. संध्याकाळी पंगत बसली. एका टोकापासून सुरुवात झाली. कौसल्याचा नंबर आला. बऱ्याच दिवसांनी ती "कुणाची न्हाई" असं म्हणाली नाही. ती म्हणाली, "आज मी यमुनाबाईंची आभारी हाय."

"मला नकोत," बाई म्हणाल्या.

"पन बाई, तुमी काल..."

"सांगितलं ना, मला नकोत. दुसऱ्या कुणाचे मान."

"दुसऱ्या कुनाचे न्हाईत."

"मग आम्ही थांबतो."

पुन्हा सगळी पंगत थांबली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. कुणीतरी मुसमुसायला लागली. मग कौसल्या मान वाकडी करून म्हणाली, "फाटकातल्या गड्याची. त्यानं तुमाला आत सोडलं."

बाई "बरं," म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. कौसल्या त्या दिवशी पंगतीत जेवली.

महिना संपला त्या दिवशी कुणी बाईंना निरोप दिला नाही. आमचे सराव पाठ होते. मी दुपारी काही कामानं माळीवाड्याच्या स्टँडकडे गेले होते. तिथे नेवाशाच्या गाडीपाशी गर्दी जमलेली दिसली, म्हणून थांबले. गर्दीत यमुनाबाई उभ्या होत्या आणि त्यांची ट्रंक कंडक्टरच्या हातात होती. तो ती टपावर टाकायला निघाला होता.

"खाली ठेव ती!" बाई ओरडत होत्या. "वर टाकलीस तर उतरवणार कोण, तुझा बाप?"

"आजी, आत जागा नाय..."

"आजी तुझ्या घरी. जागा नाही तर जागा कर. तिकीट काढलंय मी, फुकट बसत नाही. ठेव म्हणते ना!"

लोक हसत होते. कंडक्टरनं ट्रंक दारातून आत ढकलली. बाई तिच्या मागोमाग वर चढल्या आणि खिडकीपाशी बसल्या. पदर डोक्यावरून घसरला होता, तो सावरायचं भान त्यांना नव्हतं. गाडी सुरू झाली तरी त्या खिडकीतून वाकून त्याच्याशी भांडतच होत्या. मी कडेला उभी होते. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. गाडी वळून रस्त्याला लागली, धुरळा उडाला आणि धुरळ्यातूनही काही वेळ त्यांचा आवाज येत राहिला, चढा, खणखणीत.